नऊ इंची पंखा आणि दहा बाय बाराची खोली : छोट्या पंख्याचा रोजचा वापर

हजार-दीड हजार रुपयांचा नऊ इंची पंखा आणायचा, हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवायचा, तीन नंबरवर सोडायचा आणि आठवड्याभरात ‘काही दम नाही याच्यात’ म्हणून नावं ठेवायची, हे मुंबईत घरोघरी चालतं. पंख्यात सहसा खोट नसते. ४८ इंची सीलिंग फॅन मिनिटाला दोनशे घनमीटरहून जास्त हवा हलवतो, सोळा इंची टेबल फॅन साठ-सत्तरच्या आसपास, आणि नऊ इंची त्याहून बराच कमी. अख्खा हॉल गार करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. त्याचा वारा पाच-सहा फुटांच्या आत एका माणसाला, फार तर दोघांना, नीट लागतो. त्यामुळे माणूस जिथे बसतो, झोपतो किंवा ओट्याशी उभा राहतो, तिथे पंखा न्यायचा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

पंखा हवा थंड करत नाही. मोटरच्या उष्णतेने खोली उलट किंचित तापतेच. गार वाटतं ते अंगावरचा घाम उडतो म्हणून. मुंबईची हवा आधीच दमट, त्यामुळे घाम लवकर उडत नाही आणि अंगाभोवती ओलसर हवेचा थर साचून राहतो. पंखा तो थर बाजूला सारतो. याचा अर्थ एवढाच, की खोलीत कोणी नसेल तर पंखा बंद करा. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवून काही ‘गार होऊन राहत’ नाही. हवेचं तापमान चाळीसच्या वर गेलं की पंख्याचा वारा शरीराला तापवू लागतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंखा वापरू नका असं सांगते. मुंबईत असे दिवस मोजकेच, मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी सांताक्रूझच्या बाजूला. त्या दिवशी भर दुपारी अंग ओल्या फडक्याने पुसत राहणं, पाणी पिणं आणि शक्य असेल तर थंड जागी जाणं बरं.

विजेचा धसका घेऊ नका. ४५ वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेतेरा युनिट होतात. एक टनाचा एसी तेवढी वीज साधारण तेरा-चौदा तासांच्या चालण्यात खातो. घरात एसी असेल तर छोटा पंखा आणखी उपयोगी. बीईई म्हणजे वीजबचतीचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर लागतात. तो २७ वर न्या आणि पंखा अंगाच्या दिशेने लावा. दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईईच सांगते.

घेताना काय बघायचं

ऑनलाइन शंभर-दोनशे रुपये वाचतात, पण छोटा पंखा दुकानात लावून बघून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या रांगा आहेत, पण तेवढं लांब जायलाच हवं असं नाही. नाक्यावरच्या दुकानदाराला ‘दादा, जरा लावून दाखवा’ म्हटलं की तो दाखवतो. दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

लावला की तीन नंबर बघून खूश होऊ नका, एक नंबर बघा. तीनवर सगळेच पंखे जोरात असतात. रात्री डोक्याशी चालणार आहे तो एकवर, आणि स्वस्त ‘हायस्पीड’ पंख्यांचा एक नंबरही वादळासारखा असतो. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून कान द्या. हवेचा आवाज चालेल, खडखड आणि बारीक किरकिर चालणार नाही, कारण ती घरी गेल्यावर वाढते. मग बंद करून पातं थांबताना बघा. हळूहळू, न अडखळता थांबलं पाहिजे. गचकन थांबलं तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती कडी, घट्ट आहे.

घरात रांगतं मूल असेल तर जाळीच्या तारांमध्ये त्याचं बोट जाईल का, ते तपासा. बुड जड हवं. तीनवर चालताना पंखा टेबलावर सरकू लागला तर नको. आयएसआयचा शिक्का आणि कॉपर वाइंडिंग (मोटरमधलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) या दोन गोष्टी विचारून नाही, बॉक्सवर वाचून घ्या. हवेचा आकडा काही बॉक्सवर सीएमएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनमीटर, आणि काहींवर सीएफएममध्ये, म्हणजे घनफूट, असतो. सीएफएमचा आकडा मोठा दिसतो एवढंच; त्याला ३५ ने भागा आणि मग दोन पंख्यांची तुलना करा.

प्रकारांत मी मुंबईच्या घरासाठी ‘ऑल पर्पज’ निवडेन. हा टेबलावरही उभा राहतो आणि खिळ्याला अडकवून भिंतीवरही लागतो. इथे जमिनीचा प्रत्येक फूट कशाला तरी दिलेला असतो, भिंत मात्र अजून थोडी मोकळी असते. यूएसबीचा चिमुकला पंखा लॅपटॉपसमोर बसणाऱ्यासाठी ठीक. तो दोन फुटांपलीकडे पोचत नाही आणि बिघडला की दुरुस्त होत नाही. बॅटरीचा रिचार्जेबल पंखा गावच्या घरासाठी घ्या. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० सारखी सगळं शहर ठप्प करणारी बत्तीगुल क्वचितच होते, आणि वर्षभर न वापरता पडलेली बॅटरी नेमकी त्याच दिवशी साथ देत नाही.

जागा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि इथे पैसे लागत नाहीत.

आधी पंखा बंद ठेवून घरची हवा कुठून कुठे जाते ते बघा. एक उदबत्ती लावा, प्रत्येक खिडकीशी आणि दाराशी थोडा वेळ धरा आणि धूर आत येतो की बाहेर जातो ते पाहा. हे दुपारी एकदा आणि रात्री जेवणं झाल्यावर एकदा करा, कारण उत्तर बदलतं. मुंबईत दुपारी समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, वारा येतो; रात्री तो मंदावतो किंवा उलट जमिनीकडून वाहू लागतो. तुमच्या खिडकीला लागून दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर पश्चिम-पूर्व काही खरं नाही, उदबत्ती सांगेल तेच खरं.

हवा आत येते त्या बाजूला पंखा तोंड आत करून ठेवला की तो वाऱ्याला हातभार लावतो. समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. चाळीत गॅलरीचं दार आणि मागची मोरीकडची खिडकी अशी सोय बहुधा असतेच. फ्लॅटमध्ये सेफ्टी डोअर लावून मुख्य दार उघडं ठेवता येत असेल तर ठेवा. सगळं बंद करून पंखा लावला तर तीच गरम हवा गोल गोल फिरते.

संध्याकाळी वेगळा प्रकार करायचा. दिवसभर तापलेल्या भिंती सात-आठ वाजता आत उष्णता सोडत असतात आणि बाहेर त्या मानाने बरं झालेलं असतं. अशा वेळी पंखा खिडकीकडे तोंड करून, खिडकीला चिकटवून नाही तर दोन-तीन फूट अलीकडे ठेवा. त्याचा झोत पुढे जाताना पसरतो, आजूबाजूची हवाही ओढून नेतो आणि खिडकीची बरीचशी चौकट भरून बाहेर पडतो. चिकटवून ठेवला तर कडेने तीच हवा परत आत येते. दुसऱ्या टोकाचं दार उघडं ठेवून अर्धा-पाऊण तास हे चालू द्या, नंतर पंखा वळवून अंगावर घ्या. वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खालच्या घरात राहणाऱ्यांना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

बाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्ये पंखा ठेवू नका. जूनच्या पहिल्या सरीत तो भिजतो. आणि वरळी, वर्सोवा, कुलाब्यासारख्या समुद्राकाठच्या घरांत खारी हवा जाळीला गंज चढवायला वेळ लावत नाही.

झोपताना

पंखा थेट तोंडावर नको. नाक-घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात आणि सकाळी मान धरल्याची तक्रार येते. कमरेपासून पायांपर्यंत वारा जाईल असा, पायाकडच्या बाजूने लावा. घाम उडण्यापुरतं अंग उघडं असलं की पुरे. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर पंखा जमिनीवर ठेवू नका; तो केरसुणीने राहिलेली सगळी धूळ उचलून नाकात घालतो. फूट-दीड फूट उंचीचं काहीतरी खाली द्या. खाली रबरी मॅटचा तुकडा किंवा दुमडलेली जुनी चादर घातली की खालच्या मजल्यावरच्या काकांनाही झोप लागते.

मच्छरदाणी वारा बराच अडवते, म्हणून पंखा जाळीच्या जवळ आणा, पण जाळी उडून पंख्याला लागणार नाही इतपत अंतर ठेवून. वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही हे खरं, म्हणून पंख्यासमोर डास कमी चावतात. पण डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत त्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नये. तान्ह्या बाळावर थेट झोत नको. भिंतीवर मारून परतणारा वारा पुरतो.

पोटमाळ्यावर झोपणाऱ्यांचं दुःख वेगळं. वर सीलिंग फॅन लागत नाही, आणि खोलीतली सगळी गरम हवा तिथेच जमते. इथे क्लिपचा किंवा भिंतीचा छोटा पंखा पोटमाळ्याच्या काठाशी, खालच्या मोकळ्या बाजूला पाठ आणि झोपणाऱ्याकडे तोंड करून लावा. मग तो वरची तापलेली हवा घुसळण्याऐवजी खालची, त्या मानाने गार हवा वर ओढतो. काठाला न लावता आतल्या कोपऱ्यात लावला की उपयोग निम्मा. वायर शिडीवरून लोंबकळू देऊ नका. रात्री उतरताना पाय अडकतो. उठून बसलं की केस, ओढणी किंवा चादर पात्याजवळ जाते, हेही तिथे ध्यानात ठेवावं लागतं.

स्वयंपाकघर

छोट्या पंख्याची खरी गरज इथे आणि त्याची सगळ्यात जास्त गैरसोयही इथेच. चपात्या करताना बाईच्या किंवा बुवाच्या पाठीवर वारा आला पाहिजे, पण ज्योत हलता कामा नये. ज्योत फडफडली की गॅस वाया जातो, आणि विझली तर गॅस नुसताच सुटत राहतो. म्हणून पंखा ओट्यावर नको. तो दारात, ओट्यापासून चार-पाच फुटांवर, कमरेच्या खालच्या उंचीवर आणि तिरका ठेवा. वारा पोटऱ्या आणि पाठीला लागेल, बर्नरला नाही. बर्नर बारीक करून ज्योत बघा. ती स्थिर असेल तर जागा बरोबर. फोडणी देताना बंद केलेला बरा, नाहीतर मिरचीचा ठसका हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांपर्यंत पोचतो.

सिंकजवळच्या प्लगला पंखा लावायचा नाही, आणि ओल्या हाताने बटण दाबायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे करतात.

गणपतीत दहा बाय बारात तीस माणसं जमतात तेव्हा भिंतीवरचा पंखा सोन्यासारखा. फक्त मखराच्या बाजूला तोंड नको. आरतीच्या वेळी निरांजन आणि समईजवळ थर्माकोल, झिरमिळ्या, कापडी पडदे असतात.

बर्फाची वाटी आणि ओली चादर

दर मे महिन्यात कोणीतरी पंख्यासमोर बर्फाची वाटी ठेवायचा सल्ला पाठवतं. हिशोब असा : एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक टनाचा एसी सेकंदाला साडेतीन किलोज्यूल उष्णता खोलीबाहेर काढतो. म्हणजे किलोभर बर्फाचं काम एसीच्या दीड मिनिटाएवढं. तो बर्फ करताना फ्रिजने मागच्या जाळीतून त्याहून जास्त उष्णता त्याच घरात सोडलेली असते. त्या बर्फाचं कोकम सरबत करा.

ओली चादर लटकवणं, पाण्याची टाकी असलेला ‘मिनी कूलर’ घेणं हे नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेचे उपाय आहेत. मुंबईत पाणी फारसं उडत नाही, आणि जे उडतं त्याने खोली फक्त आणखी दमट होते. त्याऐवजी हात, मान आणि पोटऱ्या ओल्या पंचाने पुसून पंख्यासमोर बसा. पाणी अंगावरून उडतं आणि गारवा थेट अंगाला मिळतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा पंखा माणसांपेक्षा कपड्यांच्या जास्त कामाचा. घरात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, कारण ते तासन् तास ओले राहतात आणि त्यात जंतू वाढतात. कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा, जीन्स उलटी करा आणि खिशांची अस्तरं बाहेर काढा. पंखा एका कपड्यावर रोखू नका. दोरीच्या टोकाला ठेवून वारा रांगेच्या लांबीने, कपड्यांच्या फटींमधून जाऊ द्या. मान फिरवणारा पंखा असेल तर फिरता ठेवा. खिडकी बोटभर तरी उघडी हवी, नाहीतर कपड्यांतलं पाणी हवेत आणि हवेतलं पाणी भिंतीला. कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे ठिपके दिसत असतील तर कपाट वीतभर पुढे ओढून रोज तासभर त्या फटीत वारा सोडा. ओले बूट पंख्यासमोर तिरके उभे करून आत वर्तमानपत्राचे बोळे घातले की सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

सफाई

शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल, आणि मुंबईत कुठल्या ना कुठल्या बाजूला ती चालूच असते, तर महिन्यातून एकदा. एरवी दीड-दोन महिन्यांतून. पात्याच्या कडेवर धुळीचा थर बसला की वारा कमी होतो आणि आवाज वाढतो. मग लोक नवा पंखा बघायला लागतात.

१. बटण बंद करून प्लग काढा. नुसतं बटण बंद केलेलं पुरत नाही.

२. पुढच्या जाळीच्या क्लिपा उघडा. काही मॉडेलमध्ये खाली एक बारीक स्क्रू असतो. तो आधी काढा, नाहीतर क्लिप तुटते आणि ती सुटी मिळत नाही.

३. पात्याची पुढची टोपी सोडवा. बऱ्याच टेबल फॅनमध्ये हिचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. नेहमीसारखी जोर लावून उलट फिरवली की ती आणखी घट्ट बसते किंवा चिरते. काही नऊ इंची पंख्यांत टोपीऐवजी पात्याच्या मागे बारीक स्क्रू असतो.

४. पातं आणि जाळ्या भांड्यांच्या लिक्विड साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. स्वयंपाकघरातल्या पंख्याला तेलाचा चिकट थर असतो, त्याला जुना टूथब्रश लागतो. उकळतं पाणी नको. प्लास्टिकचं पातं वाकतं, आणि वाकलेलं पातं कायम थरथरतं.

५. मोटरला पाणी लावायचं नाही. मागच्या फटींवरून कोरडा ब्रश फिरवा. त्या फटींतून मोटर थंड राहते. त्या बुजल्या की ती तापते.

६. पातं काढलेलंच आहे तर मागे दिसणाऱ्या शाफ्टवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल नको, ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं.

७. सगळं खडखडीत वाळल्यावर जोडा, पातं हाताने फिरवून जाळीला लागत नाही ना ते बघा आणि मगच प्लग लावा.

कुरकुर करायला लागला तर

नुसता गुणगुणतो, फिरत नाही, आणि पात्याला धक्का दिला की सुरू होतो : बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, इलेक्ट्रिशियन त्यालाच कंडेन्सर म्हणतात. स्वस्तात बदलून मिळतो, जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच बसवायचा. घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो. आणि जाळीतून पेन्सिल घालून रोज धक्का द्यायची सवय लावून घेऊ नका. अडकलेल्या पात्याने मोटर तापत राहते.

हाताने फिरवतानाही पातं जड लागतं : बुश कोरडा पडला आहे. तेल द्या, तरी नाही सुटलं तर दुरुस्तीवाल्याकडे.

मान फिरवत नाही : आतला प्लास्टिकचा गिअर तुटलेला असतो. मुलं चालू पंख्याची मान हाताने धरतात, त्याने हे होतं. मान एका जागी ठेवून पंखा तसाच वर्षानुवर्षं वापरता येतो.

वायर मानेजवळ किंवा प्लगपाशी तडकते, कारण तिथेच ती रोज वाकते. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून महिने काढू नका, बदलून घ्या. वायर गादीखालून किंवा सतरंजीखालून नेऊ नका. जुन्या चाळीत पंखा, इस्त्री आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशनवर असतात. त्यातला पंखा निरुपद्रवी असतो, पण इस्त्रीने तापलेल्या बोर्डाची झळ त्याच्या प्लगलाही बसते. धातूच्या अंगाचा जुना पंखा असेल तर थ्री-पिन आणि अर्थिंग हवंच. हाताला झिणझिण्या आल्या की तो त्या क्षणी बंद.

जळकट वास आला तर प्लग काढा आणि परत लावून बघू नका. वाइंडिंग जळालं असेल तर नऊ इंची पंख्याचं रिवाइंडिंग करण्यात अर्थ नाही. मजुरीत जवळजवळ नवा येतो. सोळा इंचीचं मात्र विचारून बघा. भंगारवाल्याला देताना तो प्लास्टिकच्या भावाने मागेल. मोटरमधल्या तांब्याचे वेगळे मागा. देण्याआधी पुढची जाळी, तिच्या क्लिपा आणि पात्याची टोपी काढून ठेवा, त्याच कंपनीचं तेच मॉडेल पुन्हा घेणार असाल तर.